बाहेरची मदत आणि सरकारी शिष्यवृत्ती : आमच्या हातून झालेली चूक

(जून 2019 च्या तालुका शिबिरातले भाषण. बोलले तसेच लिहून काढले आहे. लोकांनी मध्ये विचारलेले प्रश्नही ठेवले आहेत.)

 

आयाबायांनो, भावांनो, सकाळपासून दाव्यांवरच बोलणं चाललंय. कुणाचा दावा नामंजूर झाला, कुणाचं अपील पडून आहे, कुणाला चार एकर कसत असताना दीड एकराचा कागद मिळाला. ते संपलेलं नाही. जेवण झाल्यावर परत त्यावरच बसायचं आहे. मधला हा अर्धा-पाऊण तास आम्ही मागून घेतला. विषय कॉलेजच्या पोरांच्या शिष्यवृत्तीचा आहे. काल बैठकीत एक काका म्हणाले, जमिनीच्या शिबिरात हे कशाला? काका, ऐकून घ्या, मग तुम्हीच ठरवा. या शिष्यवृत्तीपायी एका घरचा बैल गेला. आणि तो आमच्यामुळे गेला. आमच्यामुळे म्हणजे संघटनेच्या आम्हा पोरांमुळे.

पोरीचं नाव घेत नाही, पाड्याचंही घेत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. तिनं आणि तिच्या बापानं सांगितलं की बोला, दुसऱ्याच्या पोरीचं तरी असं होऊ नये. म्हणून बोलतोय.

पोरगी मागच्या वर्षी बारावी सायन्स पास झाली. पाड्यातली पहिलीच. नाशिकला एका कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटरला नंबर लागला. तुकडी विनाअनुदानित, वर्षाची फी 21,400 रुपये. वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही, म्हणून तीन पोरींनी मिळून खोली घेतली. आता फीचं तुम्हाला माहीत आहे. आदिवासी पोराच्या घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखाच्या आत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. पोरं तिला नुसतं ‘जीओआय’ म्हणतात. त्यात दोन गोष्टी असतात. एक, कॉलेजची सक्तीची फी सरकार भरतं. दुसरी, पोराला निर्वाह भत्ता मिळतो. तो खात्यावर येतो, तोही बहुतेक वेळा वर्ष सरल्यावर. म्हणजे खोलीचं भाडं, मेसचे पैसे, एस.टी.चं भाडं, वह्या-पुस्तकं हे सगळं आधी घरातूनच काढावं लागतं.

मग आपण काय केलं? 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घेतला. गावची लेक शिकायला गेली आहे, गावानं तिच्या मागं उभं राहिलं पाहिजे. घरटी शंभर रुपये ठरले. साठ घरं, सहा हजार रुपये जमले. एका आजीनं शंभर नव्हते म्हणून दोन पायली नागली दिली, ती आम्हीच विकत घेतली. त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आणि मग आम्हाला वाटलं, हे नीट कागदावर झालं पाहिजे. संघटनेत आम्हाला तेच शिकवलंय ना, तोंडी काही ठेवायचं नाही, सगळं कागदावर. संघटनेच्या लेटरहेडवर आम्ही पत्र टाईप करून घेतलं. त्यात लिहिलं, ‘कुमारी अमुक अमुक हिला सन 2018-19 या शैक्षणिक वर्षाकरिता रु. 6,000/- इतकी शिष्यवृत्ती मंजूर करण्यात येत आहे.’ खाली शिक्का, सही. आम्हाला वाटलं, काय झकास पत्र झालं! सरकारी कागदासारखं दिसतंय.

तो ‘शिष्यवृत्ती’ शब्द आम्हीच घातला. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं पोरीनं ऑनलाईन फॉर्म भरला आणि कागद कॉलेजच्या ऑफिसात दिले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, मार्कशीट, आधार. त्यातच आपलं पत्रही लावलं. तिला अभिमान वाटत होता. तिला वाटलं, गाव पाठीशी आहे हे दिसलं तर फॉर्म लवकर पास होईल. क्लार्कनं पत्र बघितलं आणि फॉर्म परत पाठवला. शेरा काय, तर विद्यार्थिनी दुसरी शिष्यवृत्ती घेते.

फॉर्म परत आल्याचा मेसेज गेला बापाच्या मोबाईलवर. पाड्यावर रेंज कुठं येते? वरच्या माळावर, आंब्याखाली. बाप तेव्हा दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागेवर कामाला. मेसेज इंग्रजीत. त्यानं बघितला पण समजला नाही. कंपनीचे मेसेज येतात तसाच एक असेल, असं समजून सोडून दिला. पोरीला कळलं जानेवारी सरल्यावर. ती आमच्याकडं आली. आणि आम्ही कुठं होतो?

आठवा. 13 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला की ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना जमिनीवरून काढा. पाड्यापाड्यात लोकांना रात्रीची झोप नव्हती. आम्ही सगळे तालुक्याला. झेरॉक्स, नामंजुरीच्या नोटिसा शोधणं, ज्यांना नोटीसच मिळाली नाही त्यांचे अर्ज. 28 तारखेला कोर्टानं स्वतःच्या आदेशाला स्थगिती दिली, तोवर आम्ही तिथंच. पोरगी दोनदा ऑफिसला येऊन गेली. आम्ही तिला म्हणालो, ताई, हे होऊ दे, मग बघतो. कॉलेजनं दुरुस्तीसाठी दिलेली मुदत त्याच दिवसांत संपली. मग कॉलेजनं सांगितलं, शिष्यवृत्तीच्या यादीत नाव नाही, म्हणजे फी तुम्ही भरा, तोवर परीक्षेचं हॉलतिकीट मिळणार नाही.

21,400 रुपये. बापानं एक बैल विकला, 16 हजाराला. तीन हजार भावकीतून उसने घेतले. उरलेले 2,400 बागेवरच्या मजुरीतून. पोरगी परीक्षेला बसली, पास झाली. बैल गेला तो गेला.

आता हिशेब करा. गावानं दिले सहा हजार. त्या सहा हजारापायी गेली 21,400 ची फी आणि निर्वाह भत्ता. बाहेर खोली घेऊन राहणाऱ्या बी.ए., बी.एस्सी.च्या पोराला भत्ता आहे महिन्याला 300 रुपये. दहा महिने धरा, तीन हजार. म्हणजे 24,400 रुपयांची सरकारी मदत अडकली. आपल्या साठ घरांनी घाम गाळून जे शंभर शंभर दिले, ते पोरीच्या हातात पोचले खरे, पण त्यांच्या चौपट पैसे सरकारच्या तिजोरीत राहिले. आम्ही पोरीला मदत करायला गेलो आणि सरकारचा खर्च वाचवून आलो. त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं. बैल विकला त्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो होतो. तिची आई काही बोलली नाही, चहा केला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये आम्ही नियम शोधायला लागलो. खरं तर ऑगस्टमध्येच शोधायला पाहिजे होता. केंद्र सरकारचा नियम इंग्रजीत आहे. आमचं इंग्रजी बारावीचं. एका वकील ताईंकडं बसून ओळ ओळ लावली. ते तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो, आणि जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे.

नियम असा आहे की ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन घेता येत नाही. दुसरी मिळाली तर दोन्हींपैकी जास्त फायद्याची कुठली ते विद्यार्थ्यानं निवडायचं आणि कॉलेजच्या प्राचार्यांमार्फत तसं कळवायचं. दुसरी शिष्यवृत्ती स्वीकारली त्या तारखेपासून पुढं सरकारी बंद होते. इथपर्यंतचं क्लार्कला माहीत होतं. पण नियम तिथं संपत नाही. पुढं म्हटलंय की फुकट राहण्याची सोय घेता येते. आणि पुस्तकं, साधनं घ्यायला किंवा राहण्या-जेवणाचा खर्च भागवायला राज्य सरकारकडून किंवा दुसऱ्या कुणाकडूनही अनुदान किंवा एकवेळची मदत मिळाली, तर तीही घेता येते. शिष्यवृत्ती चालू ठेवून, वर.

कुणाकडूनही. म्हणजे ट्रस्टकडून, ग्रामसभेकडून, मामाकडून.

आता सांगा, आपले सहा हजार कशाला गेले? खोलीच्या भाड्याला आणि मेसला. गावानं दिले तेव्हा त्याचसाठी दिले. ग्रामसभेत बोलणं तेच झालं होतं, खोलीचं भाडं भरायला पैसे नाहीत म्हणून. म्हणजे नियमाप्रमाणे पोरीला दोन्ही मिळायला पाहिजे होतं. पण पत्रावर लिहिलं होतं ‘शिष्यवृत्ती’. क्लार्कला दोष देऊन आपण मोकळं होऊ शकत नाही. त्यानं जो शब्द वाचला त्याप्रमाणे केलं. एक मात्र त्याचं चुकलं. दोन्हींपैकी कुठली ठेवायची ही निवड विद्यार्थ्याची आहे. ती क्लार्कनं करायची नाही. त्यानं पोरीला बोलावून विचारायला पाहिजे होतं, बाई, ही सहा हजाराची ठेवतेस की ती चोवीस हजाराची? असं विचारलं असतं तर शेंबडं पोरही सांगेल कुठली. त्यानं परस्पर शेरा मारला आणि पोरीला समोर बसवून काही सांगितलं नाही.

(इथे मागून एका मावशींनी विचारले : मग आता गावानं पोरांना काही द्यायचंच नाही का?)

द्यायचं मावशी, द्यायचंच. तुमचे शंभर रुपये परत करायला आम्ही उभे नाही राहिलो. द्यायचं कसं, ते सांगायला उभे आहोत. लेटरहेड नको, मंजुरीपत्र नको. ग्रामसभेचा साधा ठराव करायचा, आणि खरं काय आहे तेवढंच त्यात लिहायचं. आम्ही या वर्षीचा मसुदा केला आहे, तो वाचून दाखवतो. ‘नाशिक येथे शिकत असलेली गावची विद्यार्थिनी हिला खोलीचे भाडे, मेस व पुस्तके यांच्या खर्चासाठी ग्रामस्थांनी वर्गणी काढून रु. 6,000 एकवेळची मदत म्हणून दिले. ही शिष्यवृत्ती अथवा विद्यावेतन नाही.’ बस. ज्याला झेरॉक्स पाहिजे त्यानं नंतर घ्यावी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे शब्दांचे खेळ करायला सांगत नाही आम्ही. खरोखरच शिष्यवृत्ती असेल, तर तिला मदत म्हणून लपवायचं नाही. फॉर्ममध्ये पोराला लिहून द्यावं लागतं की मी दुसरी शिष्यवृत्ती घेत नाही. ते खोटं निघालं तर पैसे परत भरावे लागतील आणि पोराचं नाव खराब होईल. फॉरेस्टवाल्यांनी आपल्याला खोटे दावेवाले म्हणून किती वर्षं हिणवलं ते विसरलात का? आपण कागदावर खरं तेच लिहायचं. पण खरं तेही नेमक्या शब्दात. ‘कसतो’ आणि ‘राहतो’ यात फरक आहे हे आपण दाव्यात शिकलो. तसाच इथं ‘शिष्यवृत्ती’ आणि ‘मदत’ यात आहे.

आता ट्रस्टवाल्यांचं बोलू. कारण गावच्या वर्गणीपेक्षा ते जास्त येणार आहेत. आता पोरं शिकायला लागली तसे शहरातले ट्रस्ट, कंपन्या येतात, परीक्षा घेतात, शिष्यवृत्ती देतात. बहुतेक चांगल्या मनानं देतात. त्यांनाही हा नियम माहीत नसतो. त्यांना वाटतं आपण दिलं ते सरकारच्या वर जाईल.

गेल्या महिन्यात एक पोरगा पत्र घेऊन आला. एका ट्रस्टची 30 हजाराची शिष्यवृत्ती. घरात सगळे खूष, कारण 30 हजार रोख खात्यावर येणार. सरकारी शिष्यवृत्तीतला फीचा पैसा त्या घराला कधी दिसतच नाही ना, तो थेट कॉलेजला जातो. त्यामुळं त्यांचा हिशेब असा की सरकार देतं महिन्याला दोन-तीनशे आणि ट्रस्ट देतं 30 हजार, मग विचार काय करायचा? आम्ही विचारलं, कॉलेजची फी किती? 52 हजार. म्हणजे सरकारी सोडली असती तर 30 हजार हातात घेऊन 52 हजार भरायला उभं राहावं लागलं असतं. घरातले गप्प झाले. हा हिशेब फसवा आहे, कारण जो पैसा दिसत नाही तोच मोठा असतो.

आम्ही त्या ट्रस्टला पत्र लिहिलं. पोरानंच सही केली, आम्ही फक्त मसुदा दिला. लिहिलं की आम्हाला सरकारी शिष्यवृत्ती मिळते, तिचा नियम असा आहे, तुमची मदत शिष्यवृत्ती म्हणून घेतली तर सरकारी बंद होईल. तुम्ही हीच रक्कम मेससाठी, खोलीसाठी, पुस्तकांसाठी आणि साधनांसाठी मदत म्हणून देऊ शकाल का? त्यांचा फोन आला. म्हणाले, मेसचं बिल आम्ही दर महिन्याला भरू, पुस्तकं आणि ड्रॉईंगचं साहित्य घेऊन देऊ आणि तसं पत्र देऊ. विचारल्यावर झालं. न विचारता झालं नसतं. आधी पोरगा म्हणत होता की देणाऱ्याला असं कसं विचारायचं, बरं दिसत नाही. आपल्या पोरांना मागायची लाज वाटते. दिलेलं गुपचूप घ्यायचं असं आपल्याला शिकवलंय, आश्रमशाळेच्या रांगेत ताट घेऊन उभं राहिल्यापासून.

सगळे ट्रस्ट असं ऐकणार नाहीत. काही म्हणतील, आमची शिष्यवृत्ती ती शिष्यवृत्तीच, घ्या नाहीतर सोडा. काहींचा स्वतःचाच नियम असतो की सरकारी घेणाऱ्याला आम्ही देत नाही. मग सरळ हिशेब करायचा. कागदाच्या एका बाजूला सरकारचं सगळं मांडायचं, फी धरून. दुसऱ्या बाजूला ट्रस्टचं. आणि दर वेळी सरकारीच मोठी निघेल असं नाही. अनुदानित कॉलेजात बी.ए. करणाऱ्या पोराची फी समजा दोन हजार, भत्ता तीन हजार, झाले पाच. ट्रस्ट पंधरा देत असेल तर ट्रस्टची घ्यावी आणि सरकारीला रीतसर लिहून कळवावं. फक्त ट्रस्टला विचारावं की एका वर्षासाठी देता की शिक्षण पुरं होईपर्यंत? सरकारी शिष्यवृत्ती एकदा सुरू झाली की वागणूक आणि हजेरी ठीक असेल तर कोर्स संपेपर्यंत दर वर्षी नूतनीकरण होतं. ट्रस्टवाल्यांचा पुढच्या वर्षी विचार बदलला तर पोरगं मध्येच लटकायला नको.

(एका दादांनी विचारले : माझा पोरगा सरकारी वसतिगृहात आहे, त्याला भत्ता कमी का येतो?)

दादा, बरं विचारलंत, ते याच्यातच येतं. राहण्या-खाण्याची सोय फुकट असेल तर निर्वाह भत्ता वसतिगृहाच्या दराच्या तिसऱ्या हिश्श्यानं मिळतो. वसतिगृहात राहणाऱ्या पदवीच्या पोराचा दर 570 आहे, त्याचा तिसरा हिस्सा 190. तेवढाच येणार. अकरावी-बारावीचा दर त्याहून कमी, 380, म्हणजे साधारण 126-127 रुपये. हे चुकून कमी आलेलं नाही, नियमच तसा आहे. आणि ज्याला वसतिगृह मिळालं नाही त्याच्यासाठी 2016 पासून स्वयम् योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला 60 हजार, इतर महापालिकांच्या शहरांत 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. वसतिगृह आणि स्वयम् दोन्ही मिळत नाही, दोन्हींपैकी एकच. त्या पोरीनं स्वयम्चा अर्ज केलाच नव्हता. तिला योजना माहीत नव्हती, आणि खरं सांगतो, आम्हालाही नीट माहीत नव्हती. साठ घरांना शंभर शंभर मागत फिरलो, आणि तिकडं 51 हजाराच्या योजनेचा साधा अर्जही टाकला नाही. या वर्षी पहिला तोच भरायचा आहे.

आता नियमाबद्दल आमचं मत. दुसरी शिष्यवृत्ती नको, हा नियम अगदीच वेडा आहे असं आम्ही म्हणत नाही. एकानं दोन दोन उचलायच्या आणि शेजारच्याला एकही नाही, असं होऊ नये हे आम्हालाही पटतं. पण ज्या शिष्यवृत्तीत पोट भरतं तिला हा नियम शोभेल. महिन्याला 300 म्हणजे रोजचे दहा रुपये. हा दर 2010 साली ठरलाय. 2010 मध्ये तूरडाळ काय भावानं होती आणि आज काय भावानं आहे? दहा रुपयात नाशिकला एक वेळचा वडापावही नीट येत नाही. सरकार दहा रुपये देणार आणि दुसऱ्या कुणी शिष्यवृत्ती म्हणून वीस दिले तर ते दहाही काढून घेणार, फीसकट. मागच्या जुलैत वसतिगृहाची पोरं मेसच्या डीबीटीविरुद्ध पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती ना, तीही हेच सांगत होती की पैसे वेळेवर येत नाहीत आणि पुरत नाहीत. मुंबईच्या लाँग मार्चला आपण 180 किलोमीटर चाललो, मार्च 2018 मध्ये. त्या मागण्यांत वनजमीन होती, रेशन होतं. पुढच्या निवेदनात पोरांचा भत्ताही असला पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे. दर वाढवा. आणि कुठल्याही पोराचा फॉर्म परत पाठवण्याआधी किंवा शिष्यवृत्ती बंद करण्याआधी त्याला लेखी कळवा, मराठीत कळवा, बोलणं ऐकून घ्या. दावा नामंजूर करताना कारण लेखी द्यावं लागतं, अपिलाला मुदत द्यावी लागते. वनहक्क कायद्यात ते आहे म्हणून तर आपले निम्मे दावे जिवंत आहेत. पोराच्या फीलाही तोच न्याय लावा.

हे दुपारच्या ठरावात घ्यायचं की नाही ते शिबिरानं ठरवावं.

त्या पोरीच्या बाबतीत पुढं काय केलं तेही सांगतो. मे महिन्यात ग्रामसभा घेतली. ठराव केला की आम्ही दिलेले सहा हजार खोली आणि मेससाठी होते, पत्रात शिष्यवृत्ती हा शब्द आमच्या चुकीनं पडला, ते पत्र आम्ही मागं घेतो. ग्रामसभेच्या नोंदवहीत ऑगस्टमध्ये खोलीच्या भाड्याचा उल्लेख होता, नशीब. त्या पानाची झेरॉक्स जोडली. पोरीनं प्राचार्यांना अर्ज दिला, एक प्रत प्रकल्प कार्यालयात दिली. दोन्हीकडची पोच आमच्याकडं आहे. साहेब म्हणाले, मागच्या वर्षीचं बघावं लागेल, वर विचारतो. होईलच असं आम्ही सांगू शकत नाही. झालं तर फी परत मिळेल. नाही झालं तर निदान या वर्षीचा फॉर्म स्वच्छ जाईल.

ज्यांची पोरं यंदा अकरावीला, कॉलेजला जाणार आहेत त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडं नावं द्या. कुणाला बाहेरून मदतीचं पत्र आलं असेल तर सही करण्याआधी दाखवायला आणा, व्हॉट्सॲपवर फोटो नको, कागदच आणा, मागची बाजूही बघावी लागते. फॉर्ममध्ये शक्यतो पोराचाच नंबर द्या. बापाचा दिला असेल तर आठवड्यातून एकदा बापाला आंब्याखाली पाठवा. आणि फॉर्म परत आला तर मोर्चा असो की कोर्ट असो, आमच्यातलं एक जण त्याच दिवशी कॉलेजला जाईल. ते कोण, हे पाड्यावार ठरवलंय, यादी भिंतीवर लावली आहे.

आता शेवटचं, आणि हे तातडीचं आहे. पाऊस आठ-दहा दिवसांत लागेल. त्या घरी एकच बैल उरलाय. त्यांचा प्लॉट अडीच एकर आहे, दावा अपिलात आहे, मोजणी व्हायची आहे. यंदा तो पड राहिला तर मोजणीला येणारा म्हणणार, इथं कोण कसतं? म्हणून नांगरट झाली पाहिजे. आम्ही चौघं सावडीनं जाणार आहोत, पण बैल आमच्यापैकी कुणाकडं नाही. ज्याचा एक बैल पहिल्या पावसानंतर दोन दिवस मोकळा असेल त्यानं हात वर करा. त्या घरचा तांबडा बैल डावीकडचा आहे, उजवीकडं चालणारा पाहिजे.